दुसऱ्याच्या आगीला हात

घरातून निघतानाच निल्दाने नवऱ्याला बजावलं होतं. "हे बघ जाड्या, आज तू नुसतं गिऱ्हाईक. बसायचं, खायचं, छान म्हणायचं आणि घरी यायचं. हात शिवशिवायला लागले तर मांडीखाली घाल."

"मी काय कुक्कुलं बाळ आहे?" अन्सेल्मो म्हणाला.

"बाळ असतास तर बरं होतं. बाळाला पट्ट्याने खुर्चीला बांधता येतं."

अन्सेल्मोने कोटाची बटणं लावली, काढली, पुन्हा लावली. उभ्या जन्मात रविवारी दुपारी तो कधी दुसऱ्याच्या आगीपुढे जेवायला बसला नव्हता. अर्जेंटिनातल्या तांदिल गावच्या बस डेपोत गाड्या दुरुस्त करण्यात त्याची हयात गेली, पण गावात त्याचं नाव होतं ते रविवारच्या मांस भाजण्यामुळे. मागच्या अंगणात विटांची शेगडी, वर लोखंडी जाळी, आणि पुढे अन्सेल्मो इरियार्ते. बायकोसुद्धा त्या शेगडीच्या चार हात लांबून बोलायची.

आज मात्र आग त्याच्या मुलाची होती. गास्तोनची. दोन्या ओफेलियाच्या 'तीसोन' हॉटेलातला जुना आसादोर, म्हणजे आगीवर मांस भाजणारा, गुडघ्यांपायी घरी बसला आणि आगीची जागा रिकामी झाली. म्हाताऱ्या मालकिणीने गास्तोनला काही आठवडे उभं करून पाहिलं. आज सात ताटल्यांचं जेवण होतं, एकेक प्रकार वेगळा, राजधानीहून लोक गाड्या काढून खास त्यासाठी येणार होते. हे नीट पार पडलं तर आग कायमची गास्तोनची. नाही तर तो स्पेनला आलिकान्तेला जाणार होता. तिथे मित्राचं हॉटेल होतं, तिकिटाचं बोलणंही झालं होतं. एकुलता एक पोरगा समुद्रापार जाणार या विचाराने निल्दा महिनाभर नीट झोपली नव्हती. अन्सेल्मो झोपत होता, पण झोपेत दात खात होता.

गास्तोनने स्वतः फोन करून बोलावलं होतं. नाताळनंतर बापाशी तो पहिल्यांदाच बोलत होता.

"म्हाताऱ्या, ये. पण एक अट. खुर्चीतून उठून आगीकडे यायचं नाही. शब्द देतोस?"

"दिला."

"नाताळातही दिला होतास."

नाताळला सगळं गणगोत जमलं होतं आणि पहिल्यांदाच त्याने पोराच्या हातात आग दिली होती. दिली म्हणजे काय, निल्दाने द्यायला लावली होती. गास्तोन सकाळपासून घामाघूम होऊन राबला. मग तो मीठ आणायला आत गेला आणि अन्सेल्मोने त्याचे सगळे निखारे इकडचे तिकडे केले. सवयच ती. पोरगा सहा वर्षांचा असल्यापासून त्याने चोरून एखादा निखारा सरकवला की बापाने मागून येऊन तो हलवलाच म्हणून समजा. पण नाताळात त्याहून वाईट घडलं. जेवण संपत आलं, रिवाजाप्रमाणे कुणीतरी ओरडलं, "आसादोरसाठी टाळ्या!" सगळ्यांनी टाळ्या पिटल्या, आणि कोण उठून वाकलं? अन्सेल्मो! आयुष्यभर टाळ्या त्यालाच मिळाल्या होत्या, त्याच्या डोक्यातच आलं नाही. वाकून वर बघतो तर गास्तोनने एप्रन काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला होता आणि फाटक वाजलं होतं.

तर असा हा माणूस आज गिऱ्हाईक होऊन निघाला होता. देवच तारो.

गास्तोनने त्यांच्यासाठी लांबच्या कोपऱ्यातलं, खांबाआडचं टेबल सांगून ठेवलं होतं. पण दोन्या ओफेलियाला वाटलं, आसादोरच्या आईबापांना कोपऱ्यात बसवायचं हे काही शोभत नाही. काठी टेकत ती स्वतः आली आणि दोघांना नेऊन बसवलं ते थेट आगीसमोर. मध्ये फक्त एक कमरेएवढा कठडा. निल्दाने डोळे मिटून घेतले.

डावीकडे लोखंडी टोपलीत क्वेब्राचोची लाकडं धडधडत होती. निखारे खाली गळत होते आणि गास्तोन लांब सळईने ते ओढून जाळीखाली पसरत होता. आईबापांना पाहून त्याचा चेहरा पडला. त्याने लांबूनच बापाकडे बोट रोखलं, मग ते बोट खुर्चीकडे वळवलं.

"बसलोय की," अन्सेल्मो पुटपुटला आणि त्याचा उजवा पाय टेबलाखाली हलायला लागला.

पहिल्या ताटलीत चोरिसो आला, मसालेदार सॉसेज, उभा चिरून, पावासोबत. अन्सेल्मोने तो कापला, वास घेतला, उजेडात धरला.

"काय बघतोस? एक्सरे आहे का तो?" निल्दा म्हणाली.

चोरिसो उत्तम होता. साल तडकली नव्हती, आतला रस आतच होता. अन्सेल्मोला बरं वाटायला हवं होतं, पण तो उरलेला तुकडा उलटसुलट करून बघत राहिला. दुसरी ताटली रक्ताच्या सॉसेजची. तीही उत्तम. तिसरं चीज, कडेने कुरकुरीत आणि मध्ये लोण्यासारखं. पाय जोरात हलायला लागला, पेले किणकिणायला लागले. शेजारच्या टेबलावर राजधानीहून आलेलं तरुण जोडपं प्रत्येक ताटलीचे फोटो काढत होतं. त्यांनी दोनदा वळून पाहिलं.

"पाय," निल्दा म्हणाली.

"पायाचं काय?"

"शिवणयंत्र चालवतोयस. सदरा शिवायचाय का कुणाचा?"

चौथ्या ताटलीत वासराच्या गळ्यातल्या ग्रंथी आल्या, भाजून वर लिंबू पिळलेल्या. हा भाग भल्याभल्यांकडून बिघडतो. अन्सेल्मो मनातल्या मनात हात चोळत होता, इथे तरी पोरगा सापडणार. घास तोंडात घातला. वरून खुसखुशीत, आत मऊ. त्याने चरफडत पाव मोडला. आता हा माणूस पोरगा पास व्हावा म्हणून जीव मुठीत धरून बसला होता, हे अगदी खरं. आणि पोराची एखादी चूक सापडावी म्हणून डोळ्यांत तेल घालून बसला होता, हेही तितकंच खरं. दोन्ही एकाच पोटात. मग शांत बसवेल कसं?

पाचवी ताटली बरगड्यांची. हाडाकडून भाजलेल्या, नंतर उलटून जराशा. निल्दाचे डोळे भरून आले.

"बघ ना रे, किती छान केलंय पोराने."

"हं."

"हं काय? तोंडाने बोल."

"मीठ बरोबर आहे," अन्सेल्मो म्हणाला. या माणसाच्या तोंडून एवढं निघालं म्हणजे खूपच झालं.

आणि मग त्याला दिसलं. जाळीच्या उजव्या टोकाला कुशीच्या मांसाचा मोठा तुकडा ठेवलेला होता. सहावी ताटली, आजच्या जेवणातली मुख्य. हा तुकडा तासन्‌तास मंद आगीवर ठेवायचा असतो. पण त्याच्याखाली निखारे कुठे होते? नुसती करडी राख! अन्सेल्मोने मान लांब केली. राखच. पोरगा बरगड्यांच्या नादात तो कोपरा विसरला होता.

सापडली! आधी अंगातून आनंदाची लहर गेली, आणि लगेच त्या आनंदाची त्याला लाज वाटली. हेच मांस म्हातारी चाखणार होती. यावरच सगळं ठरणार होतं.

"निल्दा, ते मांस मरतंय."

"ते कधीच मेलंय. जेव तू."

"खाली आग नाहीये. थंड पडलं तर चामडं होईल. त्याला सांगायला हवं."

"तू शब्द दिलायस."

"अगं, पण तो स्पेनला जाईल!"

"जाड्या, हात."

त्याने दोन्ही हात मांडीखाली घातले. तसाच बसून राहिला. एवढा दांडगा बाप्या, पांढऱ्या मिशा, आणि शाळेत शिक्षा झालेल्या पोरासारखा हातांवर बसलेला. गास्तोन पाठमोरा लाकडी फळीवर बरगड्या कापत होता. राख आणखी पांढरी पडत चालली होती. अन्सेल्मोच्या कपाळावर घाम आला.

"मी जरा जाऊन येतो."

"कुठे?"

"मोरीत. आता मुतायलाही तुझी परवानगी घ्यायची का?"

मोरीची वाट कठड्याजवळूनच जात होती. सळई कठड्याला टेकून ठेवलेली होती, हाताच्या अंतरावर. गास्तोनची अजून पाठच होती. अन्सेल्मोने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. पुढे काय झालं ते त्याला नीट सांगता आलं नसतं. हाताने केलं म्हणा हवं तर. त्याने घाईत सळई उचलली ती नेमकी तापलेल्या बाजूने. तळहात चर्र झाला. ओठ आवळून त्याने एकाच रेट्यात लालभडक निखाऱ्यांचा ढीग त्या मांसाखाली सारला, सळई होती तशी ठेवली आणि शीळ घालत असल्यासारखं तोंड करून चालता झाला.

मोरीत त्याने हात नळाखाली धरला. आरशात पाहिलं तर स्वतःचा चेहरा खुश दिसत होता. वाचवलं पोराला! कुणाला कळणारही नाही. पाय हलायचे थांबले होते, सकाळपासून पहिल्यांदा.

तेवढ्यात बाहेर गलका झाला.

तो धावत आला. जाळीच्या उजव्या टोकाला ज्वाळा उठल्या होत्या, हातभर उंच. निखाऱ्यांवर भाजायचं असतं, ज्वाळेवर नाही. जाळीवर ज्वाळा दिसली की तांदिलातलं शेंबडं पोरही म्हणेल, आसादोर कच्चा आहे. गास्तोन दोन्ही हातांनी निखारे मागे ओढत होता. मांसावरून काहीतरी पांढरं वितळून टपटपत होतं आणि प्रत्येक थेंबाला भडका उडत होता. आता अन्सेल्मोच्या डोक्यात प्रकाश पडला. पोराने मांसावर चरबीची चादर पसरली होती. राखेच्या नुसत्या उबेवर ती हळूहळू पाझरून मांसात मुरावी म्हणून. राख मुद्दाम ठेवलेली होती! खुर्चीतून चादर दिसत नव्हती आणि जवळ गेल्यावर त्याने पाहिलं ते फक्त निखाऱ्यांकडे.

तो गुपचूप खुर्चीत येऊन बसला. जळका हात रुमालाखाली लपवला.

आग विझली. मांस वरून कोळशासारखं काळं पडलं होतं. दोन्या ओफेलिया काठी आपटत कठड्यापाशी आली. हळू बोलायची तिला सवयच नव्हती, आणि टेबल तर समोरच होतं.

"इतके दिवस बघतेय तुला. नेमकी आजच डुलकी लागली?"

"चूक माझी आहे, दोन्या ओफेलिया," गास्तोन म्हणाला.

"मग कुणाची असणार? माझी?" ती लोकांकडे वळली. "सहावी ताटली येणार नाही. आगीवर लक्ष नव्हतं, त्याबद्दल माफ करा."

लोक चुकचुकले. गास्तोन खाली बघत सळई पुसत राहिला. आलिकान्तेचं विमान अन्सेल्मोला डोळ्यांपुढे दिसायला लागलं. त्याने डाव्या हाताने पेला उचलला, पाणी सांडलं.

"उजव्या हाताला काय झालं?" निल्दाने विचारलं.

"कुठे काय."

तिने रुमाल ओढला. तळहातावर सळईच्या जाडीचा लाल पट्टा, वर फोड धरलेला. निल्दा बघतच राहिली. मग हळूच म्हणाली, "अन्सेल्मो." या वेळी जाड्या नाही. एवढ्या कोरड्या आवाजात तिने नवऱ्याचं नाव पूर्वी घेतलं होतं ते सासऱ्याच्या दफनाच्या वेळी.

गप्प बसता आलं असतं. कुणी पाहिलं नव्हतं. आणि बोललं तर? गावात तोंड दाखवायला जागा राहिली नसती. एखाद्याच्या पाकिटाला हात घातलास तर लोक एक वेळ विसरतील, पण दुसऱ्याच्या आगीला हात लावलास तर नातवंडांपर्यंत गोष्ट जाईल. अन्सेल्मो हे सगळं जाणून होता. तरी तो उठला. खुर्ची मागे कलंडली.

"मी केलं ते," तो म्हणाला. आवाज फाटला म्हणून पुन्हा म्हणाला, "निखारे मी सारले. मी, अन्सेल्मो इरियार्ते. पोराची आग ठीक होती. मी जाता जाता हात घातला." आणि पुरावा म्हणून त्याने भर सभेत तळहात वर केला.

मागून कुणीतरी खुदकन हसलं.

दोन्या ओफेलियाने त्याला आपादमस्तक न्याहाळलं. पण बोलली ती गास्तोनशी. "म्हणजे हे तर आणखीच वाईट. तुझ्या पाठीमागे येऊन कुणी आग हलवतो आणि तुला पत्ता नाही? ज्याला स्वतःची आग राखता येत नाही असा माणूस मला नको."

अन्सेल्मो खरं बोलायला गेला आणि पोराचा उरलासुरला घासही त्याने काढून घेतला. "अहो, त्याचा काय दोष, तो तर पाठमोरा..."

"पत्ता होता," गास्तोन म्हणाला.

"काय?"

"मला पत्ता होता. तो उठला तेव्हाच मी डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं." त्याने सळई खाली ठेवली. "मीच मुद्दाम पाठमोरा राहिलो, दोन्या ओफेलिया. पहिल्या ताटलीपासून त्याचा पाय हलत होता, मला इथवर ऐकू येत होतं. मग हातांवर बसला. मला बघवेना. म्हटलं, एकदा हलवू दे, तो आत गेला की मी मागे ओढून घेईन, क्षणभराचं काम. तेवढ्यात या दोघांनी फोटोसाठी थांबवलं." राजधानीच्या जोडप्याने माना खाली घातल्या.

"आणि एवढा लळा कशाला?" म्हातारीने विचारलं. "लाथ घालून हाकलायचं!"

गास्तोनने बापाकडे पाहिलं. "आगीपुढे उभं राहायचं आणि कुणी हात लावू द्यायचं नाही, हे कसं असतं ते मला माहीत आहे. लहानपणापासून. मी फक्त एकच मागायचो, म्हाताऱ्या. एकच निखारा."

सहा वर्षांचं पोरगं अन्सेल्मोला दिसलं, हातात छोटी काडी घेऊन शेगडीपाशी उभं. 'सरक, भाजशील,' म्हणून आपण त्याला किती वेळा बाजूला केलं! भाजण्याची काळजी होती म्हणे. कसली काळजी? आग आपली होती, दुसरं काय.

दोन्या ओफेलियाने काळं पडलेलं मांस फळीवर घ्यायला लावलं, स्वतः सुरी घेतली, वरची जळकी साल तासून काढली आणि मधोमध कापलं. आतून गुलाबी रस वाहिला. एक पातळ काप तिने तोंडात टाकला. बराच वेळ चावत राहिली. अन्सेल्मोला वाटलं, ही बाई आता माझा जीव घेऊनच गिळणार.

"आतून बरोबर आहे," ती म्हणाली. "काळं काढून टाक आणि वाढ."

"आणि... उद्या?" गास्तोनने विचारलं.

"उद्या सोमवार, बंद असतं, एवढंही माहीत नाही? मंगळवारी लवकर ये. लाकडं येतील ती तुझी तू निवड. आग तुझी, निवडणार दुसरं कोण?" मग काठी अन्सेल्मोकडे रोखून म्हणाली, "आणि तुम्ही. यापुढे खांबाच्या मागे. यायचंच असेल तर."

"खांबाच्या मागे," अन्सेल्मो शहाण्या मुलासारखा म्हणाला. निल्दा रडत होती आणि हसतही होती, नाक नवऱ्याच्याच रुमालाला पुसत होती.

सहावी ताटली आली. पातळ काप, सोबत काहीच नाही. अन्सेल्मोने डाव्या हाताने काटा धरला. ती चरबी आतवर मुरली होती, मांस जिभेवर विरघळत होतं. असं त्याला स्वतःला कधी जमलं नव्हतं. कधीच नाही. आयुष्यभर तो शेवटी निखारे लावत आला होता आणि आयुष्यभर मांस जरासं कोरडं होत आलं होतं. ते त्याला ठाऊक होतं, पण सांगणार कोण आणि कुणाला?

"माझ्याहून चांगलं आहे," तो म्हणाला.

"काय म्हणालास? पुन्हा म्हण," निल्दा म्हणाली.

"ऐकू आलंय तुला."

असल्या बड्या ठिकाणी टाळ्या वाजवायची पद्धत नसते. लोक हळू बोलतात, पैसे देतात आणि जातात. अन्सेल्मो उठून उभा राहिला. "आसादोरसाठी टाळ्या!" तो ओरडला आणि त्याने पहिली टाळी दिली. तळहातावरचा फोड आपटला, डोळ्यांतून पाणी आलं. तो वाजवत राहिला. मग निल्दा उठली. मग फोटोवालं जोडपं, मग आत भांडी घासणारी बाई, मग अख्खी खोली. गास्तोन वाकला नाही, ते कसं करायचं हे त्याला माहीतच नव्हतं. तो कठड्याबाहेर आला आणि बापाचे हात धरून त्याने टाळ्या थांबवल्या.

"पुरे आता. दाखव." त्याने तळहात उलटा केला. "कुठल्या टोकाने धरलीस सळई?"

"तापलेल्या."

"इतकी वर्षं आगीपुढे काढून?"

"घाई होती," अन्सेल्मो म्हणाला. पोराने हात सोडला नव्हता, त्यानेही सोडवून घेतला नाही. "ऐक. उद्या सोमवारी तुला सुट्टी आहे. घरी ये. आग तू लाव."

"आणि तू?"

"मी बसेन की खुर्चीत."

"आज बसलास तसा?"

अन्सेल्मोने मिशीवरून हात फिरवला. हे बोलणं त्याला त्या फोडापेक्षाही जड गेलं. "खुर्ची उलटी ठेव," तो म्हणाला. "आगीकडे पाठ करून."

गास्तोनने बापाच्या खांद्यावर थाप मारली आणि तो आगीकडे परत गेला, कारण सातवी ताटली अजून वाढायची होती.